तुझ्या आवाहनाची पहिली ओळ

दत्ता,

मृत्यूपाशी माणसामाणसांतल्या सगळ्या स्पर्धा संपतात. हे वाक्य मी इतरांच्या मृत्युलेखांत इतक्या वेळा न खोडता जाऊ दिलं आहे की ते खरं असावं, अशी माझी समजूत झाली होती. तुझ्या अंत्ययात्रेनं सोलापूर रस्त्यावरची वाहतूक अडवीपर्यंत ती टिकली.

मी बसमध्ये होतो. लोणी काळभोर फार लांब राहिलं नव्हतं, पण बस हलेना. पुढच्या बाकावरच्या बाईंनी कंडक्टरला विचारलं, "काय झालंय हो?"

"मयत हाय मोठी. कोन तरी पुढारी आसंल."

"पुढारी नाही, पत्रकार," मी म्हणालो.

कंडक्टर मागं वळला. "पत्रकाराला येवढी मान्सं? काय सांगता काका!"

त्याच्या आवाजात जी शंका होती, तीच माझ्याही मनात होती. फरक इतकाच की मला ती बोलून दाखवायची सोय नव्हती. मी उतरलो आणि चालू लागलो. ऊसवाले होते, मंडईतले गाळेवाले होते, कॉलेजातली पोरं होती, निवृत्त फौजदार होते. तू ज्यांच्याविरुद्ध आयुष्यभर लिहिलंस तेही आले होते आणि खरोखर रडत होते. मनात आलं की मी जाईन तेव्हा सोसायटीच्या लिफ्टवरसुद्धा ताण यायचा नाही. मग वाटलं, हा विचार आज तरी नको. तरी तो आला, आणि स्मशानभूमीपर्यंत माझ्याबरोबर चालला.

तू गेलासही हिशेबी माणसासारखा. दुपारचं जेवण करून ओसरीत आडवा झालास आणि उठला नाहीस. सगळ्या दैनिकांच्या सगळ्या आवृत्त्यांना पुरेसा वेळ मिळाला. दुसऱ्या दिवशी जो अंक उघडावा त्यात तू तीन कॉलमांत हसत होतास. आमच्यासारखी डेस्कवरची माणसं जातात तीसुद्धा बहुधा अंक छापायला गेल्यावर.

तू पहिल्यांदा आमच्या कचेरीत आलास तेव्हा लोणीचा वार्ताहर होतास. खडकवासल्याहून सोडलेलं कालव्याचं पाणी तुमच्या शिवारापर्यंत का पोचत नाही, यावर तू ताव भरभरून लिहून आणलं होतंस. मी उपसंपादक. आलेल्या बातमीचं मराठी करायचं, ती कापायची, मथळा द्यायचा, आणि खाली कुठंही आपलं नाव नाही याचं रोज नव्यानं समाधान मानायचं, असं ते काम. तुझ्या बातमीत कालव्याचा इतिहास होता, तुझ्या आजोबांची विहीर होती, पाऊसपाणी होतं, आणि अगदी शेवटच्या ओळीत असं होतं की मधल्या एका बड्या बागाइतदारानं कालव्याला परस्पर दार बसवून घेतलं आहे.

"अहो, बातमी ही आहे," मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही वर नको का?"

"आधी सगळं सांगितल्याबिगर शेवटचं कसं पटंल मानसाला?"

"वाचक शेवटपर्यंत येत नाही."

"आमच्या गावचा येतो."

"त्याला दुसरं काम नसेल."

"काम हाय की. पन त्याला घाई न्हाई."

हे भांडण तेव्हा सुरू झालं आणि अजून संपलेलं नाही. माझं म्हणणं पहिल्या ओळीत सगळं आलं पाहिजे. तुझं म्हणणं, पहिल्या ओळीत सगळं सांगणारा माणूस एक तर सावकार असतो, नाही तर डॉक्टर. दर वेळी तू शेवट शेवटी लिहून आणायचास, दर वेळी मी तो उचलून वर ठेवायचो, आणि दर वेळी तू दुसऱ्या दिवशी छापील अंक वाचून म्हणायचास, "झ्याक झालीय. पन माझी न्हाई वाटत." वर नाव मात्र तुझंच असायचं.

कालव्याच्या त्या बातमीनं दार निघालं. तुमच्या गावची दहाबारा माणसं हार घेऊन कचेरीत आली. तू बाहेर होतास. ती माझ्या टेबलापाशी थांबली. मी उभा राहिलो. उभा का राहिलो, ते माझं मलाच माहीत आहे. त्यांतल्या म्हाताऱ्यानं हार माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "दत्ता आला की त्येच्या टेबलावर ठिवा येवढा. वाळू देऊ नका." मी त्यावर पाणी शिंपडून ठेवलं. तू आल्यावर तो तू कचेरीतल्या शिपायाच्या गळ्यात घातलास आणि चहा प्यायला गेलास. हार मिळत नाही याचं दुःख एक वेळ समजतं. मिळालेला हार असा वाटेल त्याला देऊन टाकता येतो, याचा जो हेवा वाटला तो मला आजवर समजावून सांगता आलेला नाही.

तोपर्यंत मी तुला 'तू' म्हणू लागलो होतो आणि तू मला 'पंत'. माझ्या कुळात कोणी पंत नाही. नारायण पेठेत वाढलेला चष्मेवाला माणूस पंतच असणार, असा तुझा हिशेब होता. मी तूवर आलो तरी तू मात्र शेवटपर्यंत 'तुम्ही'वरच राहिलास. यात आदर किती आणि लांब ठेवणं किती, हे मी विचारायचं ठरवलं होतं. राहून गेलं.

आता त्या निवडणुकीबद्दल.

आपला संघ म्हणजे पत्रकारांचा. पुण्यात हे सांगावं लागतं. संघाचं काम वर्षातून एक सहल, एक स्नेहभोजन, मालकांना एक निवेदन आणि दोन शोकसभा, एवढं. अध्यक्षाचं काम या सगळ्याच्या मध्यभागी बसण्याचं. मी त्या पदाची इतकी वर्षं इतकी टिंगल केली होती की लोकांना ती ऐकायची सवय झाली होती. शाल, श्रीफळ आणि खुर्ची यांपैकी कशानं माणूस जास्त फुगतो, यावर माझं एक छोटं भाषणच तयार होतं आणि स्नेहभोजनात श्रीखंडानंतर ते मागून ऐकलं जायचं.

आणि मला ते पद हवं होतं.

का हवं होतं, हेही सांगून टाकतो. संघाच्या सभागृहात व्यासपीठाच्या मागं एक लाकडी फलक आहे. त्यावर आजवरच्या अध्यक्षांची नावं रंगवलेली आहेत. बातमीदाराचं नाव रोज छापून येतं आणि दुसऱ्या दिवशी त्यात कोणी भेळ बांधतं. उपसंपादकाचं नाव कुठंच येत नाही. त्या फलकावर पेंटरनं आपलं नाव एकदा काढावं आणि कोणाला ते कापता येऊ नये, एवढीच माझी इच्छा होती. सुलभाला, माझ्या बायकोला, ती माझ्याआधी कळली. "हवंय ना? मग हवंय म्हणा की," ती म्हणाली. "टिंगल करून कोणी पद देत नाही. टिंगल करून फक्त टाळ्या मिळतात."

मी अर्ज भरला. दोन दिवसांनी तूही भरलास.

पुण्यात त्या काळी निवडणूक होणं हे जरा असभ्यच समजलं जायचं. थोरांनी दोघांना बोलवावं, पोहे द्यावेत, आणि एकानं मोठ्या मनानं मागं सरावं, अशी पद्धत. आपले थोर म्हणजे अण्णा, दोन वेळा अध्यक्ष झालेले आणि तिसऱ्यांदा न झाल्यामुळं मार्गदर्शक बनलेले. त्यांनी आपल्याला घरी बोलावलं.

"दत्ता, तू वयानं लहान आहेस," अण्णा म्हणाले. "पुढच्या खेपेला उभा राहा. या वेळी बिनविरोध होऊ दे."

"होऊ द्या की अण्णा," तू म्हणालास. "पंतांनी निस्तं म्हनावं, दत्ता, मला पायजे, तू थांब. हितंच अर्ज मागं घेतो."

अण्णा माझ्याकडं पाहू लागले. पोह्यांचा ट्रे घेऊन आलेल्या काकू दारातच थांबल्या. सोपं वाक्य होतं. तीन शब्दांत झालं असतं. मी रोज दुसऱ्यांची तीस शब्दांची वाक्यं तीन शब्दांत आणत होतो.

मी म्हणालो, "हे पाहा, पदाचा प्रश्नच नाही. मला व्यक्तिशः पदात काडीचा रस नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे."

"आसं व्हय?" तू मान हलवलीस. "मग माझं काई म्हननं न्हाई. मला तत्त्वातलं कळत न्हाई. मला पदात रस हाय."

काकूंनी ट्रे खाली ठेवला. "खाऊन घ्या," त्या म्हणाल्या. "तत्त्व गार झालं तरी चालतं. पोहे नाही चालत."

निवडणूक व्हायची ठरली. बाहेर पडल्यावर तू कोणाची तरी मागून आणलेली स्कूटर चालू केलीस आणि म्हणालास, "बसा पंत, सोडतो." माझी बस निघून गेली होती, म्हणून मी बसलो. आपण दोघे डेक्कनवरून, कर्वे रस्त्यानं, माझ्या घरापर्यंत कर्वेनगरला गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीत गेलो तर तिघांनी माझं अभिनंदन केलं. "मन मोठं हो तुमचं. माघार घेतलीत." विरोधी उमेदवाराच्या पाठीमागं स्कूटरवर बसलेला माणूस कोणी तरी पाहिला होता, आणि बातमी शहरभर झाली होती. एवढी चौकस माणसं आपण, रोज मंत्र्यांना उलटसुलट विचारणारी, पण मला फोन करून खरंखोटं विचारावं असं एकालाही सुचलं नाही. माघार घेतलेली नाही हे सांगण्यात माझा आठवडा गेला. माघार न घेतलेल्या माणसाला तसं सांगत फिरावं लागलं की तो माघार घेतल्यासारखाच दिसतो.

मग आवाहन. उमेदवारानं सभासदांना छापील आवाहन पाठवायचं, असा रिवाज होता. माझं आवाहन आधीच तयार होतं. चार पानी, लोकशाहीतील वृत्तपत्रांच्या स्थानापासून सुरू होणारं, मध्ये दोन संस्कृत वचनं. ते तपासायला मी कोणाला दिलं नाही. द्यायचं कोणाला? शहरात तपासणारा मीच होतो.

तू एका दुपारी डेस्कवर आलास आणि नेहमी बातमी टाकायचास तसे ताव माझ्या ट्रेमध्ये टाकलेस. "येवढं बघा पंत. आज संध्याकाळी प्रेसला द्यायचंय." आणि गेलास.

मी उचलून वाचलं. 'आवाहन' हा मथळा पाहिला, खाली तुझी सही पाहिली. काय आहे ते मला पहिल्या ओळीलाच कळलं होतं; कळलं नाही असं म्हणायची मला आता गरज नाही. पण पहिल्या ओळीत 'वृत्तपत्रसृष्टीच्या या पवित्र प्रांगणात' असं होतं आणि दत्ता, प्रांगण मला कधीच सोसलं नाही. लाल पेन हातात आलं. प्रांगण गेलं. त्यामागून तुझं बालपण गेलं, कालवा गेला, 'आपणा सर्वांच्या आशीर्वादाने' दोनदा होतं ते दोन्ही वेळा गेलं. वाचत शेवटी आलो, आणि तिथं, तू नेहमी ठेवायचास तिथंच, ते होतं.

तू लिहिलं होतंस की रात्रपाळी सुटल्यावर शेवटची बस गेलेली असते आणि आपले पंत कचेरीपासून कर्वेनगरपर्यंत चालत घरी जातात. मालकांना हे माहीत नाही, पण मला माहीत आहे, कारण लोणीची बस चुकली की मी त्यांच्याबरोबर चालत जाऊन त्यांच्याकडं झोपतो. आणि मी अध्यक्ष झालो तर सगळ्यात आधी रात्रपाळीच्या माणसाला घरी सोडायला मालकांकडून गाडी घेईन.

मी ते उचलून वर ठेवलं. पहिली ओळ केली. 'रात्रपाळी सुटल्यावर आपला माणूस घरी कसा जातो, हे मालकांना माहीत नाही. मला माहीत आहे; मी त्याच्याबरोबर चाललो आहे.' त्यातलं माझं नाव खोडलं. विरोधी उमेदवाराचं नाव आवाहनात चांगल्या अर्थानं येणं बरं दिसलं नसतं. सगळं मिळून एका पोस्टकार्डावर मावेल एवढं झालं. मथळा बदलून 'गाडी' एवढाच ठेवला. नीट झाल्यावर एकदा वाचलं. फार चांगलं झालं होतं. मला मत असतं तर, म्हणजे मला ते होतंच, पण कोणाला द्यायचं हे मोकळं असतं तर, मी तुला दिलं असतं.

तू ते पोस्टकार्डावरच छापलंस. माझी चार पानं लोकांनी जपून ठेवली असं नंतर बरेच जण म्हणाले. वाचली असं कोणी म्हणालं नाही.

मतदानाच्या दिवशी मी संघाच्या दारात मुलीच्या बापासारखा उभा होतो, आल्यागेल्याला नमस्कार करीत. तू समोरच्या अमृततुल्यात बसून लोकांना चहा पाजत होतास, आणि लोक आधी तिकडं जाऊन मग इकडं येत होते. एक ज्येष्ठ सभासद, नाव घेत नाही, मत टाकून बाहेर आले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्याबद्दल आदर आहेच हो. पण ते कार्ड वाचलंत का? आम्हाला वाटायचं दत्ताला नुसत्या बातम्या आणता येतात. लिहितोही काय सुरेख!"

मी म्हणालो, "हो. वाचलं."

तू निवडून आलास. चांगल्या फरकानं आलास. तुझ्या गळ्यात हार पडला आणि तू तो या वेळी काढला नाहीस. मी तुला हात दिला. त्या संध्याकाळी माझी पाळी होती, म्हणून ती बातमीही मीच केली. एक कॉलम, विजयी उमेदवाराचं नाव नियमाप्रमाणं पहिल्या ओळीत, पराभूताचं शेवटच्या. घरी आल्यावर सुलभानं विचारलं, "त्यांचं आवाहन तुम्ही का तपासलंत?" मी म्हणालो, "वाईट लिहिलं होतं." तिनं पान वाढलं. "मग वाईटच राहू द्यायचं होतं ना," ती म्हणाली. कॉपी समोर आली आणि ती मी वाईटच राहू दिली, असं मला आजही करता येईल असं वाटत नाही. तुला ते ठाऊक होतं का, हा प्रश्न त्यानंतर मला कायम छळत राहिला.

एकदा विचारलंही. तुझ्या कारकिर्दीतली पहिली सहल खडकवासल्याला होती. धरणाच्या भिंतीवर आपण कणसं खात बसलो होतो. मी आडून सुरुवात केली. म्हणालो, "तुझं ते आवाहन तू माझ्या ट्रेमध्ये टाकलंस."

"मग? कुनाच्या टाकायचं?"

"मी तुझ्याविरुद्ध उभा होतो."

"आवं, ती निवडनूक. ही कापी." तू कणसावरचं मीठ पुसलंस. "कापी तुमच्याकडंच यायची की नेहमी."

तेवढंच. मी तुझ्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. लबाडीची एक रेघ मिळाली असती तरी पुरे होती. तू लबाड निघाला असतास तर मी तुला केव्हाच माफ केलं असतं, वर कौतुकही केलं असतं. पण तू तिथं बसून कणीस खात होतास आणि तुला खरोखरच त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. याचा मला जो मत्सर वाटला, तो पदाचा नव्हता. तो असं बसता येण्याचा होता.

मग तू म्हणालास, "माझंबी एक इचारायचं हाय पंत. त्यातनं तुमचं नाव का काढलं?"

"जागा नव्हती."

"पोष्टकार्ड अर्धं मोकळं व्हतं."

"शोभलं नसतं ते."

"पन ते तुमच्यावरच लिवलं व्हतं," तू म्हणालास. "माझं आवाहन निस्तं नावाला. लोकांस्नी कळाया नको का, कोन चालत जातं ते?" तुझा आवाज जरा चढला होता. तू माझ्यावर चिडल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं. मी विषय धरणातल्या पाण्याकडं नेला.

गाडी तू मिळवलीस. मालकांकडं तू निवेदन घेऊन गेला नाहीस. तू रोज संध्याकाळी जाऊन त्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसू लागलास. काही मागायचा नाहीस. कोणी विचारलं तर म्हणायचास, "बसलोय. मला घाई न्हाई." शेवटी कंटाळून त्यांनी जीप दिली. ती जीप मला पुढं निवृत्त होईपर्यंत घरी सोडत होती. मी तिच्यात बसून तुझा मत्सर करत असे. उन्हाळ्यात खिडकीतून गार वारा यायचा आणि मला वाटायचं, हा वारासुद्धा त्याचाच. आभार मानले का? नाही. अध्यक्षाचं ते कर्तव्यच होतं, असं मी एका भाषणात म्हणालो होतो. तू पहिल्या रांगेत होतास आणि सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्यास.

पुढं तू आणखी दोनदा निवडून आलास, दोन्ही वेळा बिनविरोध. दोन्ही वेळा आवाहनाची गरज नव्हती, तरी तू ते लिहून आणलंस आणि ट्रेमध्ये टाकलंस. मी दोन्ही तपासली.

तुझ्या दहाव्याला आलो होतो. तुझ्या पुतण्यानं चौकात लावायला मोठा फ्लेक्स करायला टाकला होता आणि मोबाइलवर मजकूर आणून मला दाखवत होता. 'पत्रकारितेतील ढाण्या वाघ' असं सुरू होतं. कुसुमवहिनी आतून म्हणाल्या, "पंतास्नी दावलं का? त्यांचा हात लागल्याबिगर ह्यांचं काई छापायचं न्हाई, आसं ह्यांनी म्हनून ठिवलंय." मी वाघ काढला. पुतण्याला वाईट वाटलं. वहिनींना हसू आलं, तुझ्या जाण्यानंतर पहिल्यांदाच असावं, कारण घरातली माणसं त्यांच्याकडं बघायला लागली. मी चष्मा पुसला. लिहितोच आहे म्हणून सांगतो, तो खराब झालेला नव्हता.

आणि मग गेल्या आठवड्यात गायत्रीचा फोन आला. गायत्री आता संघाची चिटणीस आहे. तू अध्यक्ष असताना ती नुकती सभासद झाली होती.

"सर, आपल्या हॉलला दत्तासरांचं नाव द्यायचंय. जनरल बॉडीत रेझोल्यूशन मूव्ह करायचंय. सूचक म्हणून तुमचं नाव टाकू ना?"

"माझं का?"

"सर, तुम्ही त्यांचे बेस्ट फ्रेंड ना? ऑल्सो, तुम्ही एकदा त्यांच्या अगेन्स्ट उभे होतात. मग ते एकदम ग्रेसफुल वाटेल."

मी उद्या सांगतो म्हणालो. तो उद्या तिनं तीन दिवस चालवून घेतला. म्हणजे फलकावर तुझं नाव तीनदा, आणि आता तो फलक ज्या भिंतीवर आहे ती भिंतसुद्धा तुझ्या नावाची. शिवाय ते मी सुचवायचं. मी घरात इकडून तिकडं फिरत होतो. सुलभा वाटाणे सोलत होती.

"होय म्हणा," ती म्हणाली.

"मला विचार करू दे."

"कसला? हॉलला तुमचं नाव द्या, अशी मागणी आली आहे का कुठून?"

"नाही."

"मग तुमचं काही जात नाहीये. त्यांनी तुमचं नाव एकदा छापायला दिलं होतं, ते तुम्हीच खोडलंत. आता त्यांचं नाव तुम्ही देताय. खोडू नका एवढंच."

मी गायत्रीला होय कळवलं. आणि ठरवलं की ठराव मांडताना दोन वाक्यं बोलायची. अण्णांच्या घरी जे तीन शब्दांत झालं असतं, ते आता सगळ्यांसमोर म्हणायचं: ते पद मला हवं होतं. फार हवं होतं. आणि ते ज्याला मिळालं त्यानं ते माझ्यासाठी वापरलं. मी त्याच्या गाडीतून घरी गेलो. आणि मी त्याचे आभार मानलेले नाहीत. दोनाची पाच वाक्यं झाली होती. मी ती घरी आरशासमोर म्हणून पाहिली. दुसऱ्या खेपेला जमलं.

सभा परवा झाली. गणसंख्या भरली नाही. नियमाप्रमाणं सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी पुन्हा भरवण्यात आली. तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही. मी सूचक म्हणून उभा राहिलो आणि खिशातला कागद काढला. गायत्री घड्याळाकडं पाहत माझ्या कानाशी आली. "सर, सॉरी, नुसतं 'मांडतो' म्हणा ना प्लीज." मी 'मांडतो' म्हणालो. हात वर झाले. ठराव एकमतानं मंजूर झाला.

म्हणून ती पाच वाक्यं वर लिहिली आहेत, तुला. पहिली ओळ शेवटी गेली आहे याची मला कल्पना आहे.

सूचकाचं भाषण वगळावं लागलं, कारण सहा वाजल्यापासून दत्ताभाऊ सभागृह सोलापुरी चादरींच्या प्रदर्शन आणि विक्रीसाठी दिलेलं होतं.